मूक मोर्चातला हॉर्न

साहेब, खोटं तुम्ही लिहवून घेतलंत. लहू तांबे या ट्रकवाल्याने मूक मोर्चात मुद्दाम, ठरवून हॉर्न वाजवला आणि शांततेचा भंग केला, असं तुमच्या सांगण्यावरून ठाण्यात नोंदलं गेलं. मुद्दाम? ज्या माणसाने तो हॉर्न गप्प राहावा म्हणून अख्खं परळ उजव्या हाताने फिरवलं, त्याने मुद्दाम? चौथ्या मजल्यावरच्या गार खोलीत बसून खाली रस्त्यावर काय चाललंय ते दिसत नाही, हे एक वेळ चालेल. पण न बघता सही ठोकायची ही तुमची खोड जुनी आहे. तेव्हा काय घडलं ते पहिल्यापासून ऐका.

लहू मूळचा साचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा. डिलाईल रोडच्या चाळीत वाढला, बापामागे गिरणीत लागला आणि कापडखात्यात साच्यावर उभा राहिला तो थेट संप होईपर्यंत. तो संप मिटला की नाही हे आजतागायत त्याला कुणी येऊन सांगितलेलं नाही. गिरणीचं फाटक मात्र त्याच्यासाठी पुन्हा उघडलं नाही. मग त्याची बायको गुणवंती हिने खोलीतच खानावळ काढली, आणि लहू लोकांच्या गाड्या चालवू लागला. संपाला वीस वर्षं होत आली, तेव्हा कुठे त्या खानावळीच्या स्टोव्हच्या जिवावर एक जुना ट्रक उभा राहिला. घरातली एकुलती एक कमावती वस्तू. जुना खरा, पण पॉवर स्टेअरिंगचा.

त्या स्टेअरिंगचा लहूला भलता अभिमान. चाळीतल्या म्हाताऱ्यांना कॅबिनमध्ये बसवायचा आणि एका बोटाने चाक गरगर फिरवून दाखवायचा. साच्याला दोन हात, दोन पाय आणि वर जॉबर म्हणजे मुकादमाच्या शिव्या लागायच्या, इथे नुसतं बोट पुरतं, असं त्याचं प्रत्येक वेळचं भाषण. राधाबाई त्याच गिरणीच्या सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातली, आता गुडघ्यांनी बसलेली. ती म्हणायची, "बोट जपून ठेव रे बाबा. निवडणुकीला शाई लावायला तेवढंच मागतात आपलं."

तर मोर्चाला चार-पाच दिवस राहिले असताना चिंचपोकळीच्या पुलावर त्या स्टेअरिंगची रबरी नळी फुटली. पंपातून येणारं तेल रस्त्यावर सांडलं आणि एका बोटाने फिरणारं चाक एकदम जात्यासारखं जड झालं. लहूने सगळं अंग टाकून ते वळवलं म्हणून एक भाजीवाली वाचली. तिची कोथिंबीर वाचली नाही. तिने लहूच्या सात पिढ्यांची विचारपूस केली, ती त्याने खाली मान घालून ऐकली.

त्याचा जीव टांगणीला लागला तो भाजीवालीमुळे नव्हे. गिरणी कामगारांच्या घरांसाठी, त्या घरांचं काम बघणाऱ्या तुमच्या कचेरीवर मूक मोर्चा निघायचा होता आणि ज्यांना चालवत नाही अशा म्हाताऱ्यांना घेऊन लहूचा ट्रक मोर्चाच्या पुढे राहणार होता. मोर्चाची जुळवाजुळव करणारे बुधाजी घाडीगावकर स्वतः येऊन विचारून गेले होते. परवानगी मिळवताना इन्स्पेक्टरने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं की घोषणा नाही, भोंगा नाही, वाटेत कुठे थांबणं नाही. एक आवाज आला तर मोर्चा तिथेच मोडायचा आणि पुढची गाडी जप्त. लहूने त्यावर मान हलवली होती. ट्रक कधी बोलतो का, असं तो हसून म्हणालाही होता.

नळी बदलायला आला तुळशीदास. हा कफ परेडच्या मच्छीमार नगरातला कोळी. बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा आणि गुणवंतीच्या खानावळीत म्हावरं घालायचा. त्याने फुटकी नळी हातात घेतली, वाकवली, हुंगली आणि गटारात फेकली.

"रबर भाजलाय इंजिनच्या तापानं. दुसरा रबर घातलास तरी तीच गत व्हनार. बोटीवर मी पोलादी जाळीवाली नळी घालतो. तीच घालू."

दुसऱ्या दिवशी त्याने ती आणली. आत जाड नळी आणि बाहेरून बारीक पोलादी तारांची घट्ट विणलेली जाळी, चकाकणारी. लहूने ती हातात घेतली. वीस वर्षं त्याच्या बोटांनी विणलेलं काही तपासलं नव्हतं. त्याने नळी उजेडात धरली, अंगठ्याचं नख जाळीवरून ओढलं, कुठे तार सुटलीय का, कुठे वीण सैल पडलीय का, ते टोकापासून टोकापर्यंत पाहिलं.

"कापड आहे हे," तो शेवटी म्हणाला. "पोलादाचं कापड. एक डॅमेज नाही."

तुळशीदासला कापडाचं काही नव्हतं. त्याने दोन्ही टोकं घट्ट बसवली, तेल भरलं, चाक इकडून तिकडे फिरवून आतली हवा काढली. मग टायरच्या ट्यूबचा एक लांब तुकडा कापून त्याने नळीवर चढवला आणि दोन जागी पट्ट्या बांधल्या. जाताना निक्षून सांगून गेला, की हा रबर काढायचा नाही. पोलादाची जाळी कानशीसारखी असते, ज्याला घासेल त्याला खाते.

लहूने मान हलवली. ट्रकच्या बाबतीत तो मान फार पटकन हलवतो. तुळशीदास नाक्यापलीकडे गेला आणि लहूने बॉनेट पुन्हा उघडलं. ती काळी ट्यूब त्याला बघवेना. गिरणीत चांगला माल निघाला की जॉबर तो वर टांगून सगळ्या खात्याला दाखवायचा, आणि इथे एवढी देखणी वीण जुन्या ट्यूबमध्ये गुंडाळून ठेवायची? त्याने पट्ट्या सोडल्या, ट्यूब ओढून काढली आणि सीटखाली कोंबली. नळी फडक्याने पुसली. संध्याकाळी निम्म्या चाळीने रांगेने येऊन ती पाहिली. जुने साचेवाले वाकून वाकून वीण बघत होते. एकाने तर विचारलं, हे कुठल्या गिरणीतलं? ते लहूला इतकं आवडलं की त्याने त्याला चहा पाजला.

गुणवंती दारातून बघत होती. तुळशीदासभाऊंनी काहीतरी झाकून ठेवायला सांगितलं होतं ना, असं तिने विचारलं. लहू म्हणाला, तो मासेवाला माणूस, त्याला विणकामातलं काय कळतं.

मोर्चाच्या दिवशी ट्रक धुऊन पुसून उभा होता. मागे खानावळीची बाकडी टाकून म्हातारे बसले. कॅबिनमध्ये लहू, गुणवंती आणि गुडघ्यांमुळे राधाबाई. सगळ्यांच्या तोंडाला काळ्या फिती. बुधाजींनी मोर्चाला एकच सूचना दिली होती, ट्रकच्या मागे चला, ट्रक जाईल तिकडे चला आणि काही झालं तरी तोंड उघडू नका. मग त्यांनीही फीत बांधली. या सूचनेने पुढे काय होणार आहे ते त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

डिलाईल रोडवरून ट्रक उजवीकडे वळून करी रोडच्या पुलावर चढला. मागे हजारो पावलं आणि आवाज फक्त चपलांचा. पुढे इन्स्पेक्टरची जीप. पूल उतरला, भारतमाता टॉकीजचा नाका आला. लहूने एका बोटाने चाक डावीकडे फिरवलं.

हॉर्न वाजला.

साधासुधा नव्हे. घाटात समोरच्याला धडकी भरावी म्हणून आधीच्या मालकाने बसवलेला तो भोंगा होता. लालबागची कबुतरं उडाली. ट्रक सरळ झाला तसा तो गप्प झाला. लहूने दोन्ही हात चाकावरून वर उचलले, जणू चाकानेच त्याला चावा घेतला होता.

इन्स्पेक्टर जीपमधून उतरून खिडकीशी आला. चालत्या ट्रकबरोबर चालत तो दबक्या आवाजात म्हणाला, "ड्रायव्हर, अट माहितीय ना?"

"साहेब, कोपर लागलं."

"कोपर आवरून बस. पुन्हा वाजला तर गाडी ठाण्यात. आणि थांबू नकोस, मागे लालबाग अडलंय."

लहूने कोपरं बरगड्यांना चिकटवली. पण कोपर लागलंच नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याच्या कपाळावरून घाम निघाला आणि फितीत जिरला. थोडं पुढे एक हातगाडी चुकवायला त्याने चाक जरासं डावीकडे नेलं आणि हॉर्नने तोंड उघडलं न उघडलं तोच राधाबाई खोकली. हॉर्नच्या सुरात सूर मिळवून, अगदी तेवढाच लांब खोकला. इन्स्पेक्टरने जीपमधून मान वळवून पाहिलं. राधाबाईने छातीवर हात ठेवून गिरणीतल्या कापसाच्या धुळीने केलेली हालत त्याला खुणेने समजावली. खोकायला बंदी नव्हती.

गुणवंतीने फीत हनुवटीवर ओढली आणि कुजबुजली, "अहो, पुलावर उजवीकडे वळलात तेव्हा नाही वाजला. डावीकडे वळलं की वाजतोय."

"गप बस. ट्रकला डावं-उजवं काय कळतं?"

गुणवंतीच्या पायाला सीटखाली काहीतरी लागलं होतं. तिने वाकून ते ओढून काढलं. टायरच्या ट्यूबचा लांब तुकडा. तिने तो त्याच्यासमोर धरला. तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं लहूला वाटलं.

तुळशीदास मोर्चात होता, पण बराच मागे. हाक मारायची सोय नव्हती. गुणवंतीने खिडकीतून अंग बाहेर काढून मागच्या रांगेला खुणा केल्या. हाताने मासा पोहवला, मग पान्याने नट पिळला. रांगेने ती खूण मागे दिली, त्या रांगेने आणखी मागे. बऱ्याच वेळाने मागून हातोहात पाण्याची एक बाटली आली, बूच पिळून उघडलेली. गुणवंतीने ती राधाबाईला दिली आणि पुन्हा मासा पोहवला. या वेळी तुळशीदासच्या मिशांसकट. तेव्हा कुठे गर्दीतून एक माणूस धावत येताना दिसला. तुळशीदास फुटबोर्डवर चढला, त्याने खिडकीतून डोकं आत घातलं, गुणवंतीच्या हातातली ट्यूब पाहिली आणि स्वतःची फीत खाली ओढली.

"काडलास तू तो रबर."

लहूने चाक आणखी सरळ धरलं.

"अरे, त्या जाळीच्या बाजूनं हॉर्नची तार जाते. डावीकडं वळलास का खालचा दांडा नळीला ढकलतो, नळी तारेवर घासते. या दोन-तीन दिवसांत तारेचं कातडं सोललंन तिनं. आता पोलाद टेकलं का हॉर्न वाजनार."

"मग काढ ना तार."

"बॉनेट उघडाया लागंल. थांबव गाडी."

थांबवता येत नव्हतं. लहूने पुढच्या जीपकडे बोट दाखवलं. तुळशीदासने जरा विचार केला आणि सल्ला दिला, की मग उजवीकडेच वळव. हे बोलून तो फुटबोर्डवरच लटकत राहिला. बोटीवरचा माणूस, त्याला लटकायची सवय.

आता साहेब, तुमची कचेरी रस्त्याच्या डाव्या हाताला. उजव्या हाताला बंद पडलेली गिरणी, लहूचीच. इन्स्पेक्टरची जीप ऐटीत डावीकडे वळून तुमच्या फाटकातून आत गेली. लहूने फाटकाकडे पाहिलं, हातातल्या चाकाकडे पाहिलं, खानावळीचा स्टोव्ह त्याच्या डोळ्यांपुढे आला. आणि त्याने ट्रक उजवीकडे, गिरणीच्या भिंतीलगतच्या गल्लीत घातला.

मोर्चा त्याच्या मागे वळला. का, ते कुणी विचारलं नाही. विचारायला तोंड उघडावं लागलं असतं. बुधाजी ट्रकच्या बाजूला येऊन हातवारे करत होते, डावीकडे, डावीकडे. लहूने त्यांना हात जोडले. बुधाजींना वाटलं काहीतरी डाव आहे आणि आपल्याला तो सांगितलेला नाही. पुढाऱ्याला हे कबूल करता येत नाही. तेही गंभीर चेहऱ्याने चालू लागले.

गिरणीला चार भिंती, म्हणजे चार वळणं, चारही उजवी. एक फेरी संपून ट्रक पुन्हा कचेरीसमोर आला तेव्हा मोर्चाचं शेपूट अजून लालबागकडून येतच होतं. ते ट्रकमागच्या रांगेला लागलं. डोकं शेपटाला मिळालं आणि मोर्चाचं एक कडं तयार झालं, गिरणीभोवती फिरणारं. फाटकातून परत आलेला इन्स्पेक्टर रस्त्याच्या मधोमध उभा राहून सुरुवात शोधत होता. त्याच्या वायरलेसवर कुणीतरी सारखं विचारत होतं, किती लोक आहेत. शेवटी तो म्हणाला, "सर, संपतच नाहीयेत."

दुसऱ्या फेरीला आणखी एक गंमत झाली. गिरणीच्या जुन्या फाटकापाशी आली की माणसांची पावलं आपोआप मंद व्हायची आणि हात खिशाकडे जायचे, पास काढायला. रांगेमागून रांग तेच करत होती. ट्रकवरच्या एका म्हाताऱ्याने तर सवयीने डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पिशवीही नव्हती. राधाबाईने ते पाहिलं आणि तिला या खेपेला खरा खोकला आला.

तिसऱ्या फेरीला तुमच्या खिडकीचा पडदा हलला, साहेब. गिरणी कामगार आता उरलेत कुठे, मूठभर असतील, असं तुम्ही त्याच आठवड्यात छापून आणलं होतंत. आता ही मूठ खाली फिरत होती आणि संपत नव्हती. तुमचा शिपाई धावत खाली आला. पाच जणांना वर भेटीला बोलावलंय, असं त्याने इन्स्पेक्टरला सांगितलं. वीस वर्षांत पहिल्यांदा. बुधाजींच्या फितीच्या वर डोळे भरून आलेले दिसले.

इन्स्पेक्टर लहूच्या खिडकीशी आला. "चल, गाडी आत घे. म्हाताऱ्यांना आत उतरव."

"साहेब, इथेच उतरवतो रस्त्यावर."

"रस्त्यात थांबायचं नाही म्हणून सांगितलं ना? डावीकडे घे."

"साहेब, डावीकडे वळली की ती वाजते."

"कोण?"

"गाडी."

इन्स्पेक्टरने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू लहूच्या डोक्यातलाच एखादा नट ढिला आहे. फुटबोर्डवरून तुळशीदासने दोन मिनिटं मागितली, नुसतं बॉनेट उघडायला. इन्स्पेक्टरने आधी त्याला फुटबोर्डवरून उतरायला सांगितलं. मागे मोर्चा दाटत चालला होता. वरून शिपाई घाई करत होता, साहेबांना पुढे मीटिंग आहे.

वळलं तर ट्रक जातो. न वळलं तर भेट जाते. लहूने गुणवंतीकडे पाहिलं. तिने फीत सोडून मांडीवर ठेवली होती, तिची नीट घडी घातली होती.

"ट्रक माझ्या खानावळीवर आलाय ना?" ती म्हणाली. "मग वळवा."

त्याने वळवलं. फाटक अरुंद, चाक पूर्ण डावीकडे न्यावं लागलं. पोलाद तारेवर टेकलं आणि या वेळी तिथेच बसलं. हॉर्न सुरू झाला तो थांबेना. गिरणीच्या भिंतीवर आपटून परत आला, तुमच्या काचांवर आपटला. कित्येक जुन्या कामगारांना वाटलं गिरणीचा भोंगाच झाला. काही तर फाटकाकडे निघालेही.

आणि तुमची खिडकी उघडली. एसी बसवल्यापासून न उघडलेली खिडकी. तुम्ही स्वतः बाहेर वाकलात, दोन्ही कानांवर हात ठेवून, आणि ओरडलात, "बंद करा तो आवाज."

हे तुमचं गिरणी कामगारांना दिलेलं पहिलं उत्तर. मग शांततेचा भंग झाला म्हणून भेट रद्द झाली, परवानगी रद्द झाली आणि ट्रक जप्त झाला. तुळशीदास पान्यासकट पुढे सरसावला, पण इन्स्पेक्टरने त्याला अडवलं. पुराव्याला हात लावायचा नाही.

पुरावा ठाण्यात नेणं भाग होतं. हवालदार चाकावर बसला, शेजारी पुराव्याचा रक्षक म्हणून खुद्द इन्स्पेक्टर. तुमच्या फाटकातून ठाण्यापर्यंतची वाट परळच्या दवाखान्यांवरून जाते, आणि जिथे हॉर्न वाजवू नका अशा पाट्या लावल्यात तिथेच नेमकी डावी वळणं आहेत. प्रत्येक वळणावर लहूचा ट्रक बोंबलत होता. रुग्णांचे नातेवाईक गॅलऱ्यांत येऊन पोलिसांना शिव्या देत होते आणि इन्स्पेक्टर खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून दाखवत होता, की बघा, मी वाजवत नाहीये. मागून लहू, गुणवंती आणि तुळशीदास चालत होते. लहूच्या हातात ट्यूबचा तुकडा होता. एका वळणावर तो म्हणाला, वीण मात्र अजून जशीच्या तशी असेल बघ, एक तार सुटली नसेल. गुणवंतीने त्याच्याकडे पाहिलं तसा त्याने ट्यूबचा तुकडा पाठीमागे लपवला.

ट्रक अजून ठाण्याच्या आवारात उभा आहे. टायर बसत चाललेत, खानावळीचा स्टोव्ह पुन्हा एकट्याने घर ओढतोय. लहूवर गुन्हा आहे तो एका फाटकातल्या एका वळणाचा. फाटकापासून ठाण्यापर्यंतची सगळी वळणं इन्स्पेक्टर आणि हवालदाराने वाजवली, दवाखान्यांच्या दारात वाजवली. त्यांचा गुन्हा कुणाच्या नावावर लिहिलात? हजारो माणसं तोंड बांधून तुमच्या दारावरून तीन तीनदा गेली, तेव्हा काच बंद होती. एक सोललेली तार वाजली आणि खिडकी उघडली. म्हणजे कान शाबूत आहेत तुमचे, साहेब. मग ट्रक कधी सोडता, आणि वर बोलावलेल्या त्या पाच जणांनी कधी यायचं? बोला.